कार्यक्रमपत्रिका नसलेली परिषद आणि पेजमेकरमधली चार हजार पानं: एक प्रकरण अभ्यास

(या प्रकरणातल्या व्यक्ती, दुकान, अंक आणि महाविद्यालय ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत.)

पार्श्वभूमी

दादर पश्चिमेला डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवून देण्याचं, एक छोटं दुकान आहे. मालकीणबाई पन्नाशी ओलांडलेल्या. राहायला डोंबिवलीत, दुकानात आणखी दोन ऑपरेटर. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, प्रबंध अशी वर्षभराची किरकोळ कामं आणि गणपती उरकले की दिवाळी अंकांची झुंबड. त्यातला एक अंक वीसेक वर्षं त्यांच्याकडेच जुळवला जातो. अंक काढणाऱ्या मंडळाने एक दिवस विचारलं, की जुने सगळे अंक संकेतस्थळावर टाकायचे आहेत, वाचकाला शब्द टाकून शोधता आला पाहिजे, तर मजकूर द्याल का?

मजकूर होता. साधारण चार हजार पानं, सगळी पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.०, ती २००१ सालची, आणि तिला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धत, कळत नाही. ज्या फॉन्ट-पॅकेजात हा मजकूर टाईप झाला ते पॅकेज चालायला डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची परवान्याची छोटी किल्ली, लागतो. दुकानात चालू स्थितीतला एकच डोंगल उरला होता आणि तो ज्या संगणकाला जोडला होता त्यावर अजून विंडोज एक्सपी होतं. त्या संगणकाला इंटरनेट द्यायचं नाही आणि तो कोणी हलवायचा नाही, असा दुकानाचा नियम होता.

बाईंचा भाचा ऐरोलीत आयटीत आहे. त्याने सुचवलं, "मावशी, रविवारी एक बारकॅम्प आहे, तू चल. तिथे असले प्रश्न सोडवणारे लोक असतात."

बारकॅम्पची रीत थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत पहिला बारकॅम्प भरला. संगणकविषयक पुस्तकांचे अमेरिकन प्रकाशक टिम ओरायली यांच्याकडचा 'फू कॅम्प' फक्त निमंत्रितांसाठी असे. आम्हाला बोलावणं नसलं तर आमचं आम्ही भरवू, अशा जिद्दीने काही जणांनी आठवड्याच्या आत हा जमवून आणला. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, ही लाट भारतात आली, मुंबईतही आली. वक्ते आधी ठरलेले नसतात. सकाळी एका फळ्यावर वेळ आणि खोल्यांचे रिकामे चौकोन आखतात. ज्याला काही सांगायचं किंवा विचारायचं आहे त्याने चिठ्ठीवर विषय लिहून चौकोनात चिकटवायचा. या पद्धतीचं मूळ आणखी मागे, १९८५ च्या सुमारास हॅरिसन ओवेन यांनी रूढ केलेल्या 'ओपन स्पेस'मध्ये आहे. जे आले तेच योग्य लोक, आणि जिथे आपण काही देत नाही की घेत नाही तिथून उठून दुसरीकडे जायचं, हे त्यातले दोन नियम. दुसऱ्याला 'दोन पायांचा नियम' म्हणतात.

अडचण

बाईंनी भाच्याकरवी आयोजकांना विचारलं, "कार्यक्रमपत्रिका पाठवा." उत्तर आलं, ती रविवारी सकाळी तयार होईल. धंदा करणाऱ्या माणसाला हे उत्तर पटणं कठीण. सप्टेंबरचा महिना, अंकांची प्रुफं येऊन पडलेली, त्यात माटुंगा ते मुलुंड जलद मार्गावर मेगाब्लॉक. अशा रविवारी, काय मिळेल ते ठाऊक नसताना, डोंबिवलीहून कशासाठी यायचं? न जाण्याचा निर्णयही इथे शहाणपणाचाच ठरला असता, असं मला वाटतं. अशा मेळाव्यांना नेहमी येणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांना रविवार रिकामा असतो, किंवा तसं त्यांनी ठरवलेलं असतं.

खरी अडचण तांत्रिक होती आणि ती नीट मांडल्याशिवाय कोणी मदत करू शकणार नव्हतं. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. हिंदी पट्ट्यात सर्रास चालणाऱ्या कृतिदेवचं उदाहरण घ्या. 'स्थिती' हा शब्द त्या फाईलमध्ये फक्त 'स्मॉल एफ, कॅपिटल एल, कॅपिटल एफ, स्मॉल के, स्मॉल आर, स्मॉल एच' एवढाच असतो. फॉन्ट काढून घेतला की मराठी गेली. शिवाय क्रम डोळ्याला दिसतो तसा असतो. पहिली वेलांटी आधी, मग अर्धा स, मग अर्धा थ, मग काना. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो आणि तीच वेलांटी 'थ'च्या नंतर येते. 'आर्थिक'मध्ये तर दोन उड्या आहेत. वेलांटी पुढे न्यायची आणि 'थ'नंतर टाईप झालेला रफार उचलून 'थ'च्या आधी ठेवायचा.

इंटरनेटवर फुकटची रूपांतर-पानं आहेत, पण बाईंनी पाहिली ती कृतिदेवसाठी केलेली होती. बाईंच्या फॉन्टचा नकाशा वेगळा. त्यांनी एक परिच्छेद टाकून पाहिला आणि जे बाहेर आलं ते वाचून दोन्ही ऑपरेटर हसत सुटले.

समोरचे पर्याय

पहिला, सगळं हाताने पुन्हा टाईप करायचं. यात चुका नव्या होतात आणि मुद्रितशोधन पुन्हा पहिल्यापासून. मंडळाचं बजेट पाहता हा पर्याय बोलण्यापुरताच होता.

दुसरा, छापील अंक स्कॅन करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी वाचतं, आणि एक स्तंभ, स्वच्छ कागद असेल तर बरं वाचतं. पण दिवाळी अंकात दोन स्तंभ, चौकटी, मध्येच व्यंगचित्र, आणि स्वस्त कागदावर पलीकडची शाई उमटलेली. एका अंकाची चाचणी भाच्याने घरी केली. अनुस्वार आणि रफार बरेच गळले.

तिसरा, फॉन्टचा तक्ता करून फाईलमधून थेट रूपांतर करायचं. मजकूर मुळात बरोबर असल्यामुळे हा सर्वांत चांगला, पण तो करणारा माणूस हवा. व्यावसायिक रूपांतर करून देणारे आहेत. बाईंनी एका ठिकाणी दर विचारला आणि पानावर हिशोब करणार म्हटल्यावर फोन ठेवला.

रविवारी जायचं ठरलं ते तिसऱ्या पर्यायातला माणूस शोधायला. "दुपारी एकला निघणार," एवढी अट घालून बाई निघाल्या.

काय न्यायचं

हा या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय, आणि त्यावर कोणी फार विचार केला नव्हता. भाचा म्हणाला, एक फाईल पेन ड्राइव्हवर घे. कोणती? बाईंनी हाताशी असलेली, म्हणजे चालू अंकातली एका लेखकाची अप्रकाशित कथा घेतली होती. ती निघताना बदलली. "छापून यायच्या आधी ती बाहेर दिसायला नको," म्हणून बारा वर्षांपूर्वीच्या अंकाचं संपादकीय घेतलं. योग्य केलं. मेळाव्यात फाईल पाच लॅपटॉपांवर फिरते आणि तिथून कुठे जाते याचा पत्ता राहत नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट पिशवीत टाकली होती. त्याच संपादकीयाचा छापील कागद. तो मुद्दाम घेतलेला नव्हता. मुद्रितशोधकाकडे मूळ प्रत जोडल्याशिवाय प्रूफ पाठवायचं नाही, ही दुकानाची वर्षानुवर्षांची सवय. फाईल निघाली की तिच्याबरोबर कागद निघतोच.

फळ्यावरची चिठ्ठी

महाविद्यालयाच्या व्हरांड्यात फळा होता. पाच खोल्या, अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन. दहा वाजता निम्मे भरलेले. बाईंनी पहिली चिठ्ठी लिहिली ती अशी: "मराठी आणि तंत्रज्ञान". फळ्यापाशी उभी असलेली स्वयंसेवक मुलगी द्वितीय वर्षाची असावी. तिने चिठ्ठी वाचून विचारलं, "काकू, तुम्ही यावर काय सांगणार आहात?"

"सांगणार काही नाही गं, विचारायचंय."

"मग तेच लिहूया ना."

दुसरी चिठ्ठी अशी झाली: "पेजमेकरमधला जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा? नमुन्याचं पान आणलं आहे."

या प्रकरणात सर्वांत जास्त फरक या चिठ्ठीने पडला, असं माझं मत आहे. "मराठी आणि तंत्रज्ञान" म्हटलं असतं तर मराठीची गळचेपी, सरकारचं धोरण, मुलं इंग्रजी शाळेत जातात अशी चर्चा अर्धा तास सहज चालली असती आणि सगळे समाधानाने जेवायला गेले असते. दुसऱ्या चिठ्ठीत काम दिसत होतं. "नमुन्याचं पान आणलं आहे" हे चार शब्द वाचून दोन जण आले, हे त्यांनी नंतर सांगितलं.

वेळेचा निर्णय मात्र वादाचा राहिला. बाईंना साडेअकराचा चौकोन मिळाला. त्याच वेळी मोठ्या सभागृहात एआयवरचं सत्र होतं आणि अर्धी गर्दी तिकडे जाणार हे उघड होतं. मुलीने जेवणानंतरचा चौकोन सुचवला. बाईंनी नकार दिला, कारण एकला निघायचं होतं. भाच्याला ते पटलं नाही. मला पटतं. जेवणानंतर अशा मेळाव्यातली माणसं पांगतात, मेगाब्लॉकच्या दिवशी तर लवकरच. शिवाय एआयचं सत्र सोडून जुन्या फॉन्टसाठी जो येईल, तो कामाचाच असेल.

सत्र

सहा जण आले. एक वर्तुळ करून बसले. बाईंनी मराठीत बोलायला सुरुवात केली आणि थांबल्या, कारण एकाने हात वर करून सांगितलं की त्याला मराठी कमी कळतं. तो तमिळ होता आणि फॉन्टवरच काम करत होता. भाचा इंग्रजीत सांगायला लागणार, एवढ्यात समोरच्या एका विद्यार्थ्याने म्हटलं, "काकू, तुम्ही मराठीतच बोला, मी यांना सांगतो." हे फार बरं झालं. बाईंना 'जोडाक्षर', 'रफार', 'पाऊण य' हे शब्द रोजचे. त्यांना इंग्रजीत ढकललं असतं तर त्या गप्प बसल्या असत्या, आणि फॉन्टची खरी माहिती खोलीत त्यांच्याशिवाय कोणालाच नव्हती.

पेन ड्राइव्ह जोडला. पेजमेकर कुणाकडेच नव्हतं. भाच्याने आदल्या दिवशी मजकूर कॉपी करून साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवला होता, तो उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. तेव्हा विद्यार्थ्याने विचारलं, "याची छापील प्रत आहे का?"

बाईंनी पिशवीतून कागद काढला. तिथून सत्र खऱ्या अर्थाने सुरू झालं. एका हाताने कागदावर बोट, दुसऱ्या हाताने पडद्यावर. पहिल्या ओळीतला 'वाचकहो' सापडला, म्हणजे सहा अक्षरखुणा कळल्या. मग 'दिवाळी', मग 'आर्थिक'. बाई बोट ठेवून सांगत होत्या, "ही पहिली वेलांटी. पाय मोडलेला असेल तर हिचीच ही वेगळी खूण, जरा लांब असते." एकाच वेलांटीच्या रुंदीप्रमाणे तीन वेगवेगळ्या खुणा आहेत, हे कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. तमिळ मित्राने कागदावर नियमांचा क्रम मांडला: आधी सर्वांत लांब जोड्या बदलायच्या, मग एकेकटी अक्षरं, मग वेलांटी पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यायची, शेवटी रफार मागे आणायचा, वाटेत मात्रा असल्या तर त्यांनाही ओलांडून.

मग एक खोच निघाली. संपादकीयात मध्येच एक इंग्रजी संक्षेप होता. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टची माहिती राहत नाही, त्यामुळे ती इंग्रजी अक्षरंही मराठी समजून बदलली जाणार होती. विद्यार्थी म्हणाला, पेजमेकरमधून मजकूर आरटीएफ या फाईल-प्रकारात बाहेर काढा, म्हणजे कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता ते फाईलमध्ये राहील. या एका वाक्याने पुढचे कित्येक दिवस वाचले.

दोन गोष्टी बिघडल्या. एक गृहस्थ, स्टार्टअपवाले, दहाव्या मिनिटाला आपलं उत्पादन दाखवायला लागले. त्यांना थांबवणारं कोणी नव्हतं आणि सहा-सात मिनिटं तिकडे गेली. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. एक मुलगी मध्येच उठून गेली. नियमाप्रमाणे योग्यच. पण बाईंना तो नियम कोणी सांगितलेला नव्हता आणि त्यांचा चेहरा पडला. आपल्याकडे बोलणाऱ्यासमोरून उठून जाणं म्हणजे अपमान. सकाळच्या परिचयात हा नियम इंग्रजीत, घाईत, विनोद करून सांगितला गेला होता, तेव्हा बाई बाहेर चहा घेत होत्या.

नंतरची हालचाल

अर्धा तास संपला, खोली दुसऱ्यांना द्यायची होती. चौघं व्हरांड्यात आले. व्हॉट्सअ‍ॅप गट झाला, कागदाचे फोटो त्यावर गेले. बाई ठरल्या वेळी निघाल्या आणि धीम्या गाडीने घरी पोचल्या.

विद्यार्थ्याने आठवड्यात पायथॉन या संगणक-भाषेत रूपांतराची लहान स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. बाईंनी दुकानात एक पान तयार केलं, फॉन्टमधली प्रत्येक खूण एकेका ओळीवर आणि समोर तिचं नाव. हा तक्ता त्या सोडून कोणी करू शकला नसता. पहिल्या रूपांतरात गद्य जवळजवळ स्वच्छ आलं. 'सुऱ्या', 'दऱ्या' यांतला चंद्रकोरीसारखा र बिघडला. युनिकोडमध्ये तो 'ऱ' आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) अशा जोडीने लिहितात, पूर्वी 'र' आणि हलन्तानंतर अदृश्य जोडचिन्ह देऊनही लिहीत, आणि स्क्रिप्टने दोन्ही सोडून तिसरंच केलं होतं. 'अॅ'चाही घोळ झाला. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन दोन खुणांनी लिहीत, आणि रूपांतरात दोन्ही रूपं आली होती. त्यामुळे 'बँक' शोधली तर सापडे, पण 'ॲक्ट' शोधला तर निम्मे लेख सापडत नसत. सगळीकडे एकच रूप करायचं ठरलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर गट शांत झाला. विद्यार्थ्याची परीक्षा, बाईंच्या अंकांची धावपळ. इथे दुसरा महत्त्वाचा निर्णय आला. भाच्याचं म्हणणं होतं की हे समाजाचं काम आहे, तो मुलगा आवडीने करतोय, पैशाचा विषय काढला तर त्याला वाईट वाटेल. बाईंचं म्हणणं साधं होतं: "मी मंडळाकडून पानाचे पैसे घेणार आणि पोराला चहा पाजणार?" त्यांनी त्याला फोन केला, रक्कम सांगितली, डिसेंबरची तारीख ठरवली. त्याने एकच अट घातली, स्क्रिप्ट सर्वांसाठी खुली राहील. बाईंनी मान्य केलं.

आयोजकांपैकी काहींना हे रुचलं नाही. अशा मेळाव्यातून सुरू झालेलं काम पैशावर गेलं की पुढच्या वेळी लोक ग्राहक शोधायला येतील, अशी त्यांना भीती. भीती अगदीच खोटी नाही, त्या स्टार्टअपवाल्यांना सगळ्यांनी पाहिलंच होतं. तरी मी बाईंच्या बाजूने आहे. अर्ध्या तासाची मदत फुकट मागता येते. तीन महिन्यांचं काम मागता येत नाही.

काय झालं

जानेवारीपर्यंत गद्य मजकुराची बहुतेक पानं युनिकोडमध्ये आली. प्रत्येक पान मुद्रितशोधकाने एकदा पाहिलं, ते टाळता आलं नाही. कविता मागे राहिल्या, कारण जुन्या ऑपरेटरने ओळींची मांडणी स्पेसबार दाबून केली होती आणि आरटीएफमध्ये ती कोसळली. काही फाईली उघडल्याच नाहीत. त्या अंकांसाठी शेवटी स्कॅन आणि टेसरॅक्टच वापरलं, गळलेले रफार हाताने भरले. म्हणजे दुसरा पर्याय पूर्ण बाद झाला नव्हता, त्याची जागा वेगळी होती एवढंच. डोंगल लावलेला एक्सपी संगणक अजून आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सत्रात टिपणं कोणीच घेतली नाहीत. तमिळ मित्राने कागदावर लिहिलेला नियमांचा क्रम फोटोत अर्धा कापला गेला होता आणि विद्यार्थ्याला तो पुन्हा शोधून काढावा लागला. सुरुवातीलाच एकाला लिहायला बसवलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

आरटीएफची गोष्ट घरून निघण्यापूर्वी कळू शकली असती. भाच्याने फाईल आधी कुणा जाणकाराला पाठवली असती तर सत्रातला वेळ तक्त्यावर गेला असता. उलट बाजूही आहे. ती खोच सर्वांसमोर निघाली म्हणून सर्वांना कळली, आणि आणखी एका जणाने त्याच संध्याकाळी स्वतःच्या फाईली तशा काढून पाहिल्या.

सत्र कोण चालवणार हे ठरलेलं नव्हतं. बाईंचा प्रश्न होता, पण वेळ सांभाळण्याचं काम त्यांचं नव्हतं आणि अनोळखी पुरुषाला मध्येच थांबवणं त्यांना जमणार नव्हतं. हे काम स्वयंसेवकाने करायला हवं होतं. आयोजकांनी पुढच्या वेळी प्रत्येक खोलीत एक स्वयंसेवक बसवला आणि दोन पायांचा नियम दारावर मराठीत लावला: "मध्ये उठून गेलेलं चालतं. बोलणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये." कागद टेपने लावलेला, दुपारपर्यंत एका कोपऱ्याने लोंबत होता, पण लोक वाचत होते.

पैशाचं बोलणं ऑक्टोबरपर्यंत लांबलं ते व्हरांड्यातच उरकता आलं असतं. रक्कम ठरली नसती तरी "इथपर्यंत मदत, इथून पुढे काम" एवढी रेघ ओढता आली असती. ती न ओढल्यामुळे विद्यार्थी महिनाभर गटात उत्तर द्यायला संकोचत होता, असं त्याने नंतर भाच्याला सांगितलं.

आता ठाण्यातल्या एका डीटीपीवाल्यांनी तीच स्क्रिप्ट नेली आहे. त्यांचा फॉन्ट दुसऱ्या पॅकेजचा, त्यामुळे तक्ता पुन्हा पहिल्यापासून करावा लागतोय. बाईंनी त्यांना आपला तक्ता नमुन्यासाठी दिला आणि फोनवर बजावलं, "छापील प्रत समोर ठेवा, नुसत्या पडद्यावर विश्वास ठेवू नका." तो नवा तक्ता खुल्या स्क्रिप्टमध्ये जोडायचा की नाही, आणि जोडायचा तर त्याची तपासणी कोण करणार, यावर गटात अजून बोलणं चालू आहे.